क्लीव्हलँडने कॉलेजचा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत घ्यावा की नाही?

प्रश्न: मी ओहायोत राहतो, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्सचा चाहता आहे. १९९९ मध्ये टीम नव्याने उभी राहिली तेव्हापासून आम्ही ड्राफ्टच्या (टीमांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारे, आणतोय आणि दर वेळी तोंडघशी पडतोय. आता वाटतं, नियमच करून टाकावा : पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घ्यायचाच नाही. आधी लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी) आणि डिफेन्स भक्कम करा, क्वार्टरबॅक मागच्या फेऱ्यांत मिळेल. टॉम ब्रेडीसारखा दिग्गज तसाच मिळाला की नाही? मुलगा म्हणतो, हा वेडेपणा आहे. घरात रोज खडाजंगी चालते. तुमचं काय मत?

उत्तर:

मुलाची बाजू घेतो, पण पूर्ण नाही. ज्या टीमकडे क्वार्टरबॅक नाही तिने पहिल्या पाच-दहा नावांत कॉलेजचा मुलगा उचलायला माझी काहीच हरकत नाही. त्याहून भरवशाचा रस्ता फारसा उरतही नाही. हरकत आहे ती 'आपल्याला गरज आहे' एवढ्याच कारणावर उचलण्याला. गरज टीमची असते. तिच्यामुळे पोराचा खेळ तसूभरही सुधारत नाही. कॉलेजच्या क्वार्टरबॅकांच्या टेप बघून अहवाल लिहिणं हे बरीच वर्षं माझं काम आहे, आणि वसंत ऋतूत हा प्रकार पुनःपुन्हा दिसतो. जानेवारीत ज्याच्या नावापुढे सगळ्यांनी दुसरी फेरी लिहिलेली असते, तो एप्रिलमध्ये पहिल्या दहांत जाऊन बसतो. मधल्या काळात त्याने एकही मॅच खेळलेली नसते.

आधी तुमचा इतिहास तपासू, कारण नियम तुम्ही त्यातूनच काढलाय.

१९९९ मध्ये पहिल्या क्रमांकावर टिम काउच आला. टीम कोरी करकरीत, बाकीच्या टीमांनी सोडलेल्या खेळाडूंवर उभी केलेली. पहिल्याच सीझनमध्ये काउचला ५६ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडलं गेलं. तरीही २००२ मध्ये याच माणसाने टीमला प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) दारात नेलं, आणि शेवटच्या लीग मॅचमध्ये त्याचा पाय मोडला. काउच फसला हे खरं, पण त्या लाइनमागे त्या वर्षी कोण टिकला असता, याचं उत्तर मला आजतागायत कोणी दिलेलं नाही.

त्यानंतरची तीन नावं बघा : २००७ मध्ये ब्रेडी क्विन, २०१२ मध्ये ब्रँडन वीडन, २०१४ मध्ये जॉनी मँझेल. तिघेही २२व्या क्रमांकावर आले. हा निव्वळ योगायोग आहे, पण मोठा बोलका. तिन्ही वर्षी ब्राउन्सची पहिली पसंती दुसऱ्याच कोणाला होती. २००७ मध्ये त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर जो थॉमस घेतला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मग क्विन खाली घसरतोय असं दिसल्यावर पुढच्या वर्षीची पहिली फेरी, म्हणजे त्या फेरीतली आपली निवड, डॅलसला देऊन त्याला उचललं. २०१२ मध्ये आधी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ट्रेंट रिचर्डसन, नंतर वीडन, आणि वीडन तेव्हा २८ वर्षांचा होता! बेसबॉलमध्ये काही वर्षं घालवून कॉलेजात आलेला. २०१४ मध्ये आठव्या क्रमांकावर कॉर्नरबॅक (पास अडवणारा) जस्टिन गिल्बर्ट, आणि मग दुसऱ्या टीमला निवड देऊन चार जागा वर सरकून मँझेल. म्हणजे या तिघांपैकी एकालाही टीमने 'हाच आमचा माणूस' म्हणून घेतलं नव्हतं. भाजी घेऊन निघताना दुकानदाराने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकावी, तसे ते आले. तुम्ही याला 'लवकर घेणं' म्हणता. माझ्या लेखी ही अर्ध्या मनाने घेतलेली पोरं होती.

मग २०१८ चा बेकर मेफील्ड, पुन्हा पहिल्या क्रमांकावर. पहिल्या सीझनमध्ये २७ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास, तेव्हाचा रुकीचा (नवख्याचा) विक्रम. २०२० मध्ये टीम ११-५ (११ विजय, ५ पराभव), आणि जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गच्या मैदानावर ४८-३७ असा विजय. १९९४ च्या सीझननंतरचा ब्राउन्सचा हा पहिला प्लेऑफ विजय. हे सगळं कधी? तीन सीझनमध्ये ह्यू जॅक्सन, ग्रेग विल्यम्स, फ्रेडी किचन्स आणि केव्हिन स्टेफान्स्की असे चार हेड कोच बघून झाल्यावर. २०२१ मध्ये खांदा दुखावला, आणि २०२२ मध्ये टीमने त्याला पाचव्या फेरीच्या एका निवडीवर कॅरोलायनाला देऊन टाकलं. पुढे त्याच मेफील्डने टँपा बेला २०२३ आणि २०२४ मध्ये डिव्हिजन (लीगमधला चार टीमांचा गट) जिंकून दिली. ही निवड चुकली असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता तुमचा नियम ब्राउन्सनी खरोखरच पाळला होता त्या वर्षांकडे येऊ. २०१६ मध्ये दुसरा क्रमांक हातात होता. तो फिलाडेल्फियाला विकला, त्यांनी कार्सन वेंट्झ घेतला. २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर माइल्स गॅरेट घेतला, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, असा पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) दहा वर्षांत एखादाच येतो. पण त्याच दिवशी हातातला १२वा क्रमांक ह्यूस्टनला दिला आणि ह्यूस्टनने त्यावर डेशॉन वॉट्सन उचलला. ब्राउन्सनी दुसऱ्या फेरीत ५२व्या क्रमांकावर डेशोन कायझर घेतला. 'लाइन, डिफेन्स आधी, क्वार्टरबॅक नंतर.' त्या सीझनचा हिशेब ०-१६.

आणि कहर म्हणजे २०२२. ज्या वॉट्सनला १२व्या क्रमांकावर सोडून दिलं होतं, त्याच्याचसाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि वर आणखी निवडी दिल्या, शिवाय पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, शंभर टक्के गॅरंटीचे. त्याच्यावरचे आरोप गंभीर होते; पहिल्याच सीझनमध्ये ११ मॅचची बंदी आली, आणि २०२४ मध्ये टाचेची शीर तुटली. मुलाला हे नक्की सांगा : क्लीव्हलँडला सर्वांत महाग पडलेला क्वार्टरबॅक ड्राफ्टमधून आलेलाच नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडं थांबू. २०१० पर्यंत तुमच्या म्हणण्यात बराच दम होता. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावरच्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईसने ५ कोटी डॉलरची गॅरंटी दिली, एनएफएलमध्ये एक स्नॅपही (एक डावही) न खेळलेल्या मुलाला. तो फसला असता तर टीम चार-पाच वर्षं गाळात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी त्याच काळातले आकडे घेऊन दाखवलं होतं की टीमा सर्वांत वरच्या निवडींची किंमत फुगवून धरतात, आणि खाली सरकून जास्त निवडी घेणं फायद्याचं ठरतं. मग २०११ च्या करारात रुकींच्या पगाराला वेसण बसली. त्या वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांच्या सुमारे २.२ कोटींत आला. ब्रॅडफर्डच्या गॅरंटीच्या निम्म्याहूनही कमी!

आजचे आकडे तर आणखी टोकाचे आहेत. २०२४ मध्ये सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) २५.५ कोटी डॉलरच्या आसपास होती. त्या वर्षी डॅक प्रेस्कॉटचा नवा करार वर्षाला ६ कोटींचा झाला. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा अख्खा करार ४ कोटींच्या आत बसतो. यातला फरक लाइनमन, पास रशर, कॉर्नरबॅक यांच्यावर खर्च करता येतो. तुम्हाला लाइन आणि डिफेन्स भक्कम हवीय ना? तिचा पैसा स्वस्त क्वार्टरबॅकमधूनच निघतो. शिवाय पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर टीमला करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा हक्क मिळतो, दुसऱ्या फेरीपासून तो नाही. बॉल्टिमोरने २०१८ मध्ये मुद्दाम पहिल्या फेरीत परत शिरून अगदी शेवटच्या, ३२व्या क्रमांकावर लमार जॅक्सन घेतला. त्यात हा जादा वर्षाचा हिशेबही होताच.

आता तुमचा ब्रेडी. १९९वा क्रमांक, २०००, सहावी फेरी. हे उदाहरण निघालं नाही अशी एकही चर्चा मी ऐकलेली नाही. त्याच्या जोडीला हल्ली ब्रॉक पर्डी येतो, २०२२ चा २६२वा, म्हणजे त्या ड्राफ्टमधलं शेवटचंच नाव. रसेल विल्सन ७५वा, प्रेस्कॉट १३५वा. चारही नावं खरी. पण ब्रेडीची किंमत न्यू इंग्लंडला तरी कुठे कळली होती? कळली असती तर ते सहाव्या फेरीपर्यंत थांबले असते का? त्यांनीही आधीच्या फेऱ्यांत इतरांना घेतलं. हे डोळस नियोजन नव्हतं, नशिबाने साथ दिली आणि मग त्यांनी त्या नशिबाचं सोनं केलं. तिसऱ्या फेरीनंतर आलेल्या क्वार्टरबॅकांची यादी काढून बसलात तर पाच-सहा नावांनंतर तुम्हाला आठवेनासं होईल, आणि त्या फेऱ्यांत नावं गेलीत शेकड्यांनी. मागच्या फेरीत क्वार्टरबॅक घ्यावा, जरूर घ्यावा, मी तर दर दोन वर्षांनी एक घ्यावा या मताचा आहे. पण त्याच्या भरवशावर सीझन आखू नये.

मग मी कुठे 'नको' म्हणतो? २०११ बघा. पहिला न्यूटन, तो योग्यच. त्यानंतर ज्या टीमा रिकाम्या राहिल्या त्यांची गाळण उडाली. आठव्या क्रमांकावर टेनेसीने जेक लॉकर घेतला, दहाव्यावर जॅक्सनव्हिलने वर सरकून ब्लेन गॅबर्ट, बाराव्यावर मिनेसोटाने ख्रिश्चन पाँडर. तिघांपैकी एकही त्या टीमचा कायमचा क्वार्टरबॅक झाला नाही. आणि मधे, गॅबर्ट आणि पाँडर यांच्या बरोबर मधे, ११व्या क्रमांकावर कोण गेलं? जे. जे. वॉट. लॉकरनंतर लगेच नवव्यावर टायरन स्मिथ, ज्याने डॅलसची डावी बाजू दशकभर सांभाळली. त्या वर्षी दुसऱ्या फेरीत अँडी डाल्टन ३५वा आणि कॉलिन कॅपर्निक ३६वा गेले, आणि दोघेही वरच्या त्या तिघांहून सरस ठरले. तुमचा नियम त्या तीन टीमांनी त्या एका वर्षी पाळला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. आपल्या टीमला क्वार्टरबॅकची अजिबात गरज नाही असं क्षणभर समजा. तरीही हा मुलगा तुमच्या यादीत याच जागी असता का? असेल तर घ्या आणि मागे वळून पाहू नका. नसेल, त्याची खरी जागा पंचविसावी आणि तुम्ही त्याला सातव्याला घेताय, तर मधले अठरा खेळाडू तुम्ही भीतीपोटी सोडताय. क्वार्टरबॅक म्हणून थोडी बढती देणं समजू शकतो, चार-पाच जागांची. अठरा नाही.

ही जागा ठरवायची कशावरून, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. इथे चाहते आणि कधी कधी मालकसुद्धा हाताच्या जोरावर भाळतात. चेंडू साठ यार्ड फेकला की स्टेडियम उभं राहतं. मी टेप लावतो ती प्रेशरची, म्हणजे बचावपटू अंगावर येत असतानाची.

समजा तिसरा डाऊन (चार संधींपैकी तिसरी) आहे, आठ यार्ड पुढे जायला हवं. स्नॅपच्या आधी मागे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) दिसतायत, मध्य मोकळा वाटतोय. चेंडू हातात येतो आणि चित्र बदलतं : एक सेफ्टी धावत खाली मध्यात उतरतो, दुसरा खोलवर मधोमध जाऊन उभा राहतो. त्याच वेळी उजव्या टॅकलला (लाइनच्या कडेच्या खेळाडूला) वळसा घालून रशर आत शिरतोय. मी चेंडूकडे बघत नाही, क्वार्टरबॅकच्या पायांकडे आणि हेल्मेटच्या दिशेकडे बघतो. कच्च्या मुलाचं हेल्मेट खाली येतं, तो रशरकडे बघायला लागतो, पाय मागे मागे सरकतात, आणि पाठमोरा पळत तो पंधरा यार्ड गमावतो. पक्का मुलगा एक छोटं पाऊल पुढे टाकतो, रशर त्याच्या मागून निघून जातो. त्याला कळलेलं असतं की मध्य बंद झाला म्हणजे कडेला कुठेतरी एकास एक सुटलंय. चेंडू तिकडे जातो. पास पडला तरी माझ्या वहीत त्याला पूर्ण गुण. कॉलेजात जो प्रेशरखाली वारंवार सॅक होतो तो वर आल्यावरही होतो, ही सवय सहसा सुटत नाही. लाइन सुधारली तरी नाही.

कॉलेजचा खेळ बरंच काही झाकतो, हेही लक्षात घ्या. तिथे पासच्या वेळी लाइनमनला तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे रन की पास हे डिफेन्सला कळेपर्यंत कॉलेजात चेंडू सुटलेला असतो, आणि क्वार्टरबॅकला मोकळा रिसीव्हर (पास झेलणारा) आयता मिळतो. कित्येक टीमांत सगळे अकरा जण साइडलाइनकडे बघत उभे राहतात, कोच डिफेन्स बघून प्ले बदलतो, मुलगा फक्त अंमलबजावणी करतो. एनएफएलमध्ये प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद. पुढचं त्याचं त्याने बघायचं. म्हणून स्क्रीन (लाइनच्या मागेच टाकलेला छोटा पास) आणि तयार पहिला पास बाजूला काढून मी उरलेले स्नॅप वेगळे मोजतो. पंचाहत्तर टक्के अचूकता असलेला मुलगा त्या गाळणीतून गेल्यावर कधी कधी अगदीच सामान्य निघतो.

आणि अनुभव. मिचेल ट्रुबिस्की कॉलेजात १३ मॅच सुरुवातीपासून खेळला होता, शिकागोने २०१७ मध्ये वर सरकून त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. अँथनी रिचर्डसनच्याही १३च. २०२३ मध्ये इंडियानापोलिसने चौथ्यावर घेतला. ट्रे लान्सची तर कहाणी आणखी तुटपुंजी, २०२० मध्ये करोनामुळे त्याच्या कॉलेजची एकच मॅच झाली होती. उलट जेडन डॅनियल्स पाच वर्षं कॉलेज खेळून २०२४ मध्ये वॉशिंग्टनला आला आणि ४-१३ ची टीम १२-५ झाली, थेट कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना नावाचे पैसे मिळू लागल्यामुळे मुलं जास्त वर्षं तिथे थांबतात. आमच्यासारख्यांना हे वरदान आहे, टेप जास्त मिळते. फक्त २४-२५ वर्षांचा गडी १९ वर्षांच्या पोरांविरुद्ध चमकतोय का, एवढं बघावं लागतं.

'जॉश अॅलन'चं काय, असं तुमचा मुलगा विचारेल. वायोमिंगच्या कॉलेजात त्याची अचूकता ५६ टक्क्यांच्या आसपास होती, बफेलोत पहिल्या वर्षी ५३ च्या आत. २०२० मध्ये ती ६९ वर गेली, आणि २०२४ चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) तोच. माझ्या कसोटीवर अॅलन बसत नाही, हे मान्य. पण अॅलन झाल्यापासून दर वर्षी कोणीतरी धिप्पाड, बेछूट फेकणारा मुलगा 'पुढचा अॅलन' म्हणून विकला जातोय, आणि अॅलन अजून एकच आहे. बफेलोने त्याला तोच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) चार वर्षं दिला, ब्रायन डेबोल. स्टेफॉन डिग्जसाठी पहिली फेरी मोजली. क्लीव्हलँडच्या कोणत्या क्वार्टरबॅकला अशी चार वर्षं मिळाली?

वर सरकण्याबद्दल माझं मत अधिक कडक आहे. एखाद-दोन जागांसाठी तिसरी-चौथी फेरी द्या, हरकत नाही. पण पुढच्या वर्षांच्या पहिल्या फेऱ्या द्यायच्या म्हणजे ज्या मुलाला आणताय त्याच्याच आजूबाजूची माणसं विकायची. कॅरोलायनाने २०२३ मध्ये ब्राइस यंगसाठी नववा क्रमांक, दुसरी फेरी, पुढच्या वर्षीची पहिली, त्यापुढची एक दुसरी, आणि वर आपला सर्वांत चांगला रिसीव्हर डी. जे. मूर शिकागोला दिला. मग यंगने चेंडू फेकायचा कोणाकडे? टीम २-१५ झाली, आणि तळाच्या टीमची निवड आधी येत असल्याने दिलेली ती पुढच्या वर्षीची निवड पहिल्या क्रमांकाची निघाली. शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्स घेतला. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये लान्ससाठी बाराव्यावरून तिसऱ्यावर जाताना दोन भावी पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी दिली. त्यांच्यासाठी तो सुरुवातीपासून खेळला फक्त चार मॅच. ते तरले, कारण पर्डी सापडला. तसं नशीब प्रत्येकाच्या कपाळी नसतं.

याच्या उलट कॅन्सस सिटी. २०१७ मध्ये २७व्यावरून दहाव्यावर येऊन पॅट्रिक महोम्स घेतला, त्यासाठी पुढच्या वर्षीची पहिली फेरीही दिली. माझ्या नियमाला अपवाद? वरवर तसं दिसतं. पण ती टीम आदल्या वर्षी १२-४ होती. अँडी रीड घट्ट बसलेले होते, अॅलेक्स स्मिथसारखा समजूतदार स्टार्टर होता, आणि दिलेली पहिली फेरी खालच्या क्रमांकाचीच असणार हे ठाऊक होतं. महोम्स पहिल्या वर्षी डेन्व्हरविरुद्ध एकच मॅच सुरुवातीपासून खेळला. दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन पास आणि एमव्हीपी. भरल्या घरातून वर सरकणं निराळं, उपाशी घरातून निराळं.

पहिल्या वर्षी बसवावं की खेळवावं, यावर मी फार शाई घालवणार नाही. एरन रॉजर्स तीन वर्षं बसला, सी. जे. स्ट्राउड पहिल्या दिवसापासून खेळला, दोघेही बरे निघाले. बाकावर बसून आपोआप काही येत नाही. प्रश्न फक्त लाइन त्याला उभं राहू देईल का, एवढाच. २००२ मध्ये नव्या ह्यूस्टन टीमने पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार घेतला आणि त्याला त्या सीझनमध्ये ७६ वेळा पाडलं, आजही तो विक्रम आहे. तो मुलगा नंतर कधी पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशाला) शांत उभा राहिलेला मला टेपवर दिसला नाही.

तर क्लीव्हलँडने काय करावं? २०२५ मध्ये त्यांनी दुसरा क्रमांक जॅक्सनव्हिलला देऊन पाचव्यावर मेसन ग्रॅहम घेतला, पुढच्या वर्षीची जादा पहिली फेरी पदरात पाडली, आणि मग तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रियल, पाचव्यात शेडर सँडर्स. खाली सरकणं मला पटलं, त्या वर्षीचे क्वार्टरबॅक तेवढ्या वरच्या दर्जाचे नव्हते. मागच्या फेऱ्यांत दोघे घेणंही ठीक, फार काही मोजावं लागलं नाही. मात्र त्या दोघांपैकी एकजण निघेलच असं धरून पुढचा ड्राफ्ट आखला तर २०१७ ची उजळणी होईल.

मी त्यांच्या जागी असतो तर वरच्या पाच-सहांत ज्या वर्षी कसोटीला उतरणारा मुलगा समोर येईल त्या वर्षी डोळे झाकून घेतला असता, आणि तोपर्यंत कोणी दुसरीकडे टाकून दिलेला पण अजून दम असलेला क्वार्टरबॅक दोन वर्षांच्या करारावर चालवला असता. सॅम डार्नल्ड २०१८ चा तिसरा होता, न्यूयॉर्क जेट्समध्ये मोडला, कॅरोलायनात मोडला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ विजय देऊन गेला. अशी माणसं दर मार्चमध्ये बाजारात असतात, परवडतातही.

दोन गोष्टी मात्र ड्राफ्टच्या आधी मालकाकडून लिहून घेतल्या असत्या. ज्या कोचच्या शब्दावर मुलगा घेतोय तो कोच निदान दोन सीझन हलणार नाही. आणि ज्या जनरल मॅनेजरची खुर्ची डळमळतेय त्याला पुढच्या वर्षीची पहिली फेरी विकायचा अधिकार नाही, कारण तिचं बिल भरायला तो तिथे नसणार. एवढं मिळालं नाही, तर त्या वर्षी लेफ्ट टॅकल घ्या.